उपाशी खांब

त्युखोन पाथरवटाचे हात चालायचे त्यापेक्षा पायच जास्त चालायचे. चार घाव घातले की छिन्नी टाकून गडी अंजिराच्या रानात पळायचा, देवळाकडं पाठ करून वाकायचा आणि दोन तंगड्यांमधून आपला खांब बघायचा. पाण्याला निघालेल्या बाया तोंड फिरवून हसायच्या. त्याची बायको क्रातेया म्हणायची, "मला बी असंच उलटं बघून पसंत केलंस जणू."

मी खाणीतला दगड बैलगाडीनं आणायचो, त्यामुळं दुपारची जवाची भाकरी आणि कांदा आम्ही एकाच धोंड्यावर बसून खायचो. समुद्रदेवाच्या देवळाचा पुढचा खांब पडला होता, तो नवा उभा करायचं काम गावानं त्युखोनला दिलेलं. खांब उभा राहिला आणि गावानं निवडलेला कारभारी फानियास तपासणीला आला. गेरूत भिजवलेली दोरी त्यानं खांबाच्या माथ्यापासून बुडापर्यंत ताणली, दगडावर टेकवली. दगड सरळ असला की वरपासून खालपर्यंत अखंड तांबडी रेघ उठते. इथं उठली फक्त मधोमध, हातभर. खांबाला पोट होतं.

फानियास म्हणाला, गावानं सरळ खांब मागितला, ह्यानं गाभण दिला.

ही थट्टा नव्हती. देवाच्या कामात लबाडी केली की आमच्यात पाथरवटाची हत्यारं समुद्रात फेकतात, आणि पुन्हा त्यानं जन्मात दगडाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सभा बसली. कुणाला बोलायचंय, असं दवंडीवाल्यानं विचारलं. ह्या प्रश्नापुढं आमच्यात मेंढपाळ आणि जहाजाचा मालक सारखेच. फानियास उठला. त्युखोन म्हणतो डोळे फसवतात, म्हणून पोट ठेवलं; असल्याला मोकळा सोडला तर उद्या हा सूर्य दिसतो त्याहून मोठा आहे म्हणेल; तेव्हा हत्यारं तर फेकाच, पण असलं बोलायलाही बंदी घाला, असं त्याचं म्हणणं. बऱ्याच माना हलल्या.

त्युखोन चारचौघांत कधी बोललेला नव्हता. कान लाल झाले गड्याचे.

"देवळाच्या मागच्या अंगाचा उपाशी खांब सगळ्यांस्नी ठावं हाय न्हवं?"

सभा हसली. तो खांब त्युखोनच्या गुरूनं चाळीस वर्षांपूर्वी घडवलेला. कमरेत खपाटीला गेलेला. पोरं जेवेनात की आया त्याचंच नाव घ्यायच्या. म्हातारा ही चेष्टा ऐकत ऐकतच मेला.

"फानियासदादा, तुझी दोरी तितं लाव. मग माझी हत्यारं मीच फेकतो."

अख्खी सभा देवळाकडं पळाली. मासेवाला पाटी उघडी टाकून आला, मांजरांचं फावलं. फानियासनं दोरी ताणली, टेकवली, उचलली.

माथ्यापासून बुडापर्यंत रेघ. एकसंध. कुठं केसभर खंड नाही.

दोरी सैल पडली असेल, असं कुणीतरी म्हणालं. नवी आणली. दुसरी रेघ पहिलीवर बसली. म्हाताऱ्या मेंढपाळानं दगडाला गाल लावून वर पाहिलं.

"आयला, ह्यो तर जेवल्याला हाय!"

मग जो गलका उसळला! आणि त्यात त्युखोनचं तोंड जे सुटलं ते आवरेना. सरळ ठेवला की डोळ्याला बारीक दिसतो. गुरूनं दोरीचं ऐकलं आणि गावानं त्याला नावं ठेवली. म्हणून आपण दोन बोटं पोट दिलं, आता लांबून बघा! सगळे अंजिराच्या रानात धावले. गाभण खांब तिथून भाल्यासारखा सरळ दिसत होता.

फानियास अजून बंदीला चिकटून होता. उद्या सूर्याबद्दल बोलेल त्याचं काय?

मेंढपाळ म्हणाला, "बोलू दे की. आपुन दोरी घिऊन जाऊ."

तिथंच अंजिराखाली हात वर झाले. बंदी उडाली, हत्यारं राहिली.

पुढचे आठ दिवस गावाला दुसरा धंदा नव्हता. दाराच्या चौकटी, होडीची डोलकाठी, एका नवरदेवाचं नाक, सगळ्याला दोरी लागली. नवव्या दिवशी गाडी घेऊन निघालो तर फानियास एकटाच उपाशी खांबापुढं उभा.

"रेघ सरळ हाय. म्याच वढलीया," तो म्हणाला. "तरी बेटा बारीकच दिसतोय."

मागून त्युखोन आला. त्यानं कारभाऱ्याच्या दंडाला धरून त्याला रानात नेलं. मी बैल थांबवले. फानियासनं इकडंतिकडं पाहिलं, देवळाकडं पाठ केली, अंगरखा गुडघ्यावर घेतला आणि वाकला.