एकशे बेचाळीस पाकळ्यांचा डेलिया

चित्रात काढण्यासारखं फूल एकच: सदाफुली. पाच पाकळ्या. सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, पाचच. गुलाब मी काढत नाही. त्याच्या आतल्या पाकळ्या दिसत नाहीत, आणि न पाहिलेली गोष्ट कागदावर मांडणं माझ्या स्वभावात नाही.

आमचे शेजारी शेखभाई यांनी गुलमंडीत तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ते नेहमी समजावत, "भाई, फूल गिनते नई, देखते." मी हसून सोडून द्यायचो. (स्वतः पाटीवरची अक्षरं मात्र सुतानं आखून काढत!)

त्या हिवाळ्यात मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कुंडीत ताटलीएवढा पांढरा डेलिया फुलला. कॉलनीच्या पुष्पप्रदर्शनात दोन वर्षं तिचा दुसरा नंबर आला होता. यंदा पहिला, असं तिनं पैठणला माहेरी कळवूनही टाकलं होतं. आदल्या दुपारी हळदीकुंकवाला जाताना ती बजावून गेली, "अहो, कुंडीला कुणाला हात लावू देऊ नका."

मी कुणालाच लावू दिला नाही. स्वतः तेवढा चित्र काढायला बसलो. तिसाव्या पाकळीला मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. बावन्नावीला दारावर भाजीवाला आला. शेवटी मी बॉलपेन घेतलं आणि प्रत्येक पाकळीच्या टोकावर बारीक क्रमांक घातला. एक ते एकशे बेचाळीस. मग चित्र सरळ पुरं झालं.

शेजारून शेखभाई डोकावले आणि त्यांनी चित्र हातात घेतलं. "गिनती सही है भाई. फूल किधर है?"

तेवढ्यात मंगल आली. मी म्हटलं, पुसून देतो. ओल्या बोळ्यानं पुसलं, तर शाई पसरून अकरा पाकळ्या निळ्या झाल्या. बारावीला तिनं माझा हात धरला.

तरीही सकाळी तिनं कुंडी नेली. माहेरी कळवलेलं होतं ना! परीक्षक बाईंनी चष्मा लावला आणि फुलाभोवती सावकाश एक फेरी मारली.

"फूल पहिल्या नंबरचं आहे हो. पण लिहिलेलं फूल आम्हाला घेता येत नाही." मग थांबून म्हणाल्या, "आणि सदतीस दोनदा आलंय."

मंगल माझ्याकडे वळली. "शाईचं मी एक वेळ सोसलं असतं," एवढंच म्हणाली.

मी वाकून पाहिलं. आलं होतं.

नंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. तेवढ्या शांततेत मी चित्रात राहिलेली एक पाकळी भरून काढली.