बोक-नाम आजीची परीक्षा

बोक-नाम आजी एकाहत्तराव्या वर्षी सरकारी परीक्षेला बसतेय, ही बातमी आमच्या बेटावर पसरली तेव्हा धक्क्यावरच्या बायकांनी शेवाळ वाळत घालायचं सोडून आधी ती चघळली. कुणी म्हणालं, मोटारीचं लायसन. कुणी म्हणालं, कॉलेजात जाणार. बर्फवाल्या काकांनी तर तिला थेट वकील करून टाकलं.

सगळं खोटं. परीक्षा तिच्या रक्ताची होती. आणि ही बातमी पसरवली होती खुद्द आजीनंच.

आजी आमची शेजारीण. धक्क्यावर तिचा शेवयांचा गाळा आहे. दाशिमा नावाचं जाड, पट्ट्यापट्ट्यांचं शेवाळ उकळून ती रस्सा करते आणि दिवसभर चाखत राहते. बोलायला लागली की आधी "ओमे!", मग जीभ टाळ्याला चिकटवून एक 'च्यक', मग वाक्य. मी तिचा आवाज इतका हुबेहूब काढते, की एकदा तिच्याच गिऱ्हाइकानं मला पैसे दिले होते.

या वसंतात ती बसल्या बसल्या पेंगायला लागली. उन्हातही लोकरीचे मोजे. आरोग्य केंद्रात रक्त दिलं. रिपोर्ट ऐकायला मला घेऊन गेली. म्हणाली, "तुझे कान चांगले आहेत, जीभ लांब आहे. कान घेऊन चल."

पेक डॉक्टरीणबाई एकेक शब्द वजन करून बोलतात. "आजी, तुमचा टीएसएच वाढलाय."

"वाढलाय तर बरंच की!"

"बरं नाही. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉईडला जाणारी हाक. ग्रंथी सुस्तावली की हाक चढते."

"ओमे! पलीकडची माल-सुन सुनेला उठवते तशी?"

"तशीच. आणि हा दुसरा आकडा, टी-फोर, म्हणजे सून प्रत्यक्षात काम किती करते. तो ठीक आहे."

"म्हणजे सून कामाला लागलीय आणि सासू उगाच बोंबलतेय."

"उगाच नाही. एवढं बोंबललं, तेव्हा कुठे काम होतंय. आता सांगा, खाता काय?"

आजीनं सांगितलं. सकाळी शेवाळाचं सूप, दुपारी दाशिमाचा रस्सा, संध्याकाळी तळलेली दाशिमा, मधे तोंडात टाकायला कोरडी दाशिमा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आयोडीन थोडं हवंच. पण इतकं झालं की ग्रंथी मंदावू शकते. आज गोळी नको. सहा आठवडे सगळं शेवाळ बंद, मग पुन्हा रक्त बघू."

तोवर सोलहून तिच्या मुलाचा, ग्वांग-सू काकाचा फोन आलाच. "आई, रिपोर्ट पुन्हा बिघडला तर इकडे यायचं. तिथे एकटीनं राहायचं नाही." काकाचा फ्लॅट सतराव्या मजल्यावर आहे. आजी तिथे एकदा राहून आली होती. लिफ्टमध्ये कुणी कुणाला ओरडत नाही, हे तिला अजून सहन झालेलं नाही.

तर गाळा, धक्का, भांडणं, सगळं त्या एका आकड्यावर टांगलेलं. आणि शेवाळावर जगणाऱ्या बेटावर शेवाळ बाधलं, हे कोण ऐकणार? आजी आजारी, एवढंच सगळ्यांना ऐकू गेलं आणि घरोघरून शेवाळाचं सूप येऊ लागलं. माल-सुन काकू पहिली. "बोक-नाम ताई, थायरॉईड ना? मग तर शेवाळच हवं! गरम गरम प्या."

पातेलं परत करणं म्हणजे वैर घेणं. आजीनं पातेलं घेतलं, झाकण उचललं, वाफ नाकात ओढली. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "आजी, लाव पैज. सहा आठवडे तुला जमायचं नाही. हरलीस तर महिनाभर फुकट शेवया."

"आणि तू हरलीस तर चुसोकच्या सणापर्यंत माझा आवाज काढायचा नाही."

मी हसतच हो म्हटलं. ते सूपही मीच संपवलं.

दुसऱ्या दिवशी माझी गणिताची परीक्षा. आईनं घरातलं सूप लपवून ठेवलं होतं. परीक्षेच्या आधी ते बुळबुळीत सूप पोटात गेलं की मार्क घसरलेच, असं आमच्याकडे मानतात. आजी ते कुंपणावरून बघत होती. तेवढ्यात माल-सुन काकू दुसरं पातेलं घेऊन हजर.

"च्यक. नको गं," आजी म्हणाली. "माझी परीक्षा आहे."

काकूनं झाकण असं घातलं, जणू आत साप होता! "अगं बाई! आधी नाही का सांगायचं!" कसली परीक्षा हे विचारायचंही तिला सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत दारात सुपाऐवजी चिकट मिठाई येऊ लागली, यश चिकटावं म्हणून.

मी काही गप्प बसले नाही. गाळ्यावरचा रस्सा चाखायचं काम माझ्याकडे आलं होतं, तेव्हा तिच्यासमोर मुद्दाम मिटक्या मारायची. शेवटच्या आठवड्यात तर वाटी घेऊन तिच्या दाराबाहेर उभी राहिले आणि माल-सुन काकूच्या आवाजात म्हटलं, "बोक-नाम ताई, घोटभरानं काय होतंय!"

आतून उत्तर आलं, "माल-सुन घशातून बोलते, तू नाकातून. जा, अभ्यास कर."

पेक डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट उलगडला. टीएसएच रेषेच्या आत. "सासूचा आवाज उतरला. आता अधूनमधून, वाटीभरच. आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."

आजीनं तिथूनच काकाला फोन लावला. "ओमे, पास झाले रे! सतरावा मजला तुझा तुलाच." मग माझ्याकडे वळून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

चुसोक अजून लांब आहे. मी शब्द पाळतेय, तोंडातून एक 'च्यक' काढलेला नाही. लिहायचं नाही, असं मात्र कुठेच ठरलं नव्हतं.