माईकला गादी करणारी मैना

दाजींचे माईक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहत. डबा लोखंडी पेटीत, पेटी खाटेखाली, आणि पेटीची किल्ली दाजींच्या करगोट्याला. एवढा बंदोबस्त असूनही कार्यक्रमाच्या वेळी हवी ती वस्तू कधी हाताला लागत नसे. वायरी एकमेकींच्या वेण्या घालून बसलेल्या असत, संपलेले सेल आणि नवे सेल गुण्यागोविंदाने नांदत, आणि कॉलरला लावायचा छोटा माईक शोधायला जावं तर अडकित्ता निघे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे भाषणाला उभे राहिले, तेव्हा मी स्वतः त्या डब्यात हात घातला होता. हाताला लागली ती दाजींची कवळी. पाहुण्यांनी भाषण माईकशिवाय केलं. दाजींनी पडद्यामागे कवळी बसवली आणि मला म्हणाले, "बरं झालं गुरुजी, सकालपासनं शोधत व्हतो."

रोह्याहून धाटावकडे जाताना आमचं गाव लागतं. सगळं गाव, मुलगा आणि सून धरून, त्यांना दाजीच म्हणतं. लग्न, सत्यनारायण, कबड्डीचे सामने, सगळीकडे आवाज त्यांचाच. मुलगा नितेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो आणि सुट्टीच्या दिवशी स्पीकर बांधतो. पोरगा कष्टाळू, पण घाईचा. पाचवीत असताना गणिताचं उत्तर आधी लिहून मग रीत शोधायचा, तसाच आजही आधी स्विच दाबतो आणि मग वायर जोडतो.

या घरात नितेशची बायको होऊन मैना आली ती पेणजवळच्या जोह्याहून. जोहे म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव. तिथे वर्षाचे बारा महिने घराघरात देव वाळत असतात. मैनाच्या माहेरी कारखाना आहे, पण ती रंगकाम करणारी नव्हे आणि मूर्तींचे डोळे रेखणारी तर नव्हेच. तिचं काम पाठवणीचं. कुठल्या मूर्तीला किती पेंढा, सोंडेला आधार कुठे द्यायचा, खोक्यात कान कसा मोकळा ठेवायचा, हे तिचं खातं. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलताना मध्येच थांबून स्वतःशी हसणारी. लहानपणापासूनच्या सवयीने ती कुठलीही वस्तू दोन्ही हातांनी, छातीशी धरूनच नेते. दुधाची पिशवीसुद्धा ती अशी आणते की समोरचा माणूस नकळत बाजूला होऊन वाट देतो.

तिने तो बिस्किटांचा डबा पहिल्यांदा उघडला, तेव्हा मी ओटीवर चहा पीत होतो. ती बराच वेळ आत बघत राहिली. मग डोक्याला पोचा आलेला एक माईक उचलून तिने पदराने पुसला आणि नितेशला विचारलं, याला दुखत नसेल का. नितेश हसला. दाजी हसले नाहीत. पेटी त्यांची होती.

पुढे मैनाने सांगून टाकलं की नितेशच्या शिफ्टमुळे कामं परत जातात आणि दाजींचे गुडघे आता टेम्पोत चढत नाहीत, तर सामान ती सांभाळेल आणि कार्यक्रमालाही तीच जाईल. दाजींना सून घराबाहेर जाण्याचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते किल्ली करगोट्यावरून सोडण्याचं. खूप कुरकुर करून त्यांनी एक अट घातली. कोलाडच्या बाजूला रोहिणीची हळद होती. ती माझी विद्यार्थिनी, तिच्या घरचं काम दाजींकडेच. तेवढ्या एका कामाला मैनाने सामान आपल्या पद्धतीने न्यावं. "येक जरी माईक बिघडला, नायतर त्या घरनं येक जरी बोल आला," दाजी म्हणाले, "तर माईक माज्या पेटीत आनि तू घरात. परत इषय नाय."

मैनाला ते काम हवं होतं. किती हवं होतं, ते तिने केलेली पेटी पाहिल्यावर मला कळलं.

आंब्याच्या पेटीच्या फळ्या घासून तिने आधी खोकं केलं. मग प्रत्येक माईक पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शाडूच्या मातीत अर्धा दाबला, जोह्यात साचा काढतात तसा, आणि वर उरलेल्या अर्ध्या अंगावर कागदाचा लगदा थापून त्याची बैठक काढली. प्लास्टर जड होईल म्हणून लगदा. माईक त्या खळग्यात असा बसे की खोकं उलटं केलं तरी हलू नये. बैठकीवर आणि खोक्याला बाहेरूनही लाल मखमल लावली. ती माहेरची, मूर्तींच्या शेल्यांतून उरलेली, तिच्या काठाला खड्यांची एक ओळही राहिली होती. ती तिने काढली नाही. वायरी गुंडाळून जुन्या बांगड्यांत अडकवल्या, लांब वायरीला हिरवी बांगडी आणि आखूडला लाल. भरलेले सेल उभे आणि संपलेले आडवे. कोपऱ्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, कोकणातली दमट हवा तिने ओढून घ्यावी म्हणून. आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक माईकच्या डोक्यावर एक छोटा रुमाल. कारखान्यातून गणपती घरी नेताना तोंडावरून फडकं घालतात, ते मैनाच्या हातांना सुटणारच नव्हतं.

दाजींनी पेटी बघितली. "लगीन कुनाचं हाय? रोहिणीचं का माईकचं?" एवढंच बोलले.

हळदीच्या दिवशी मी त्यांच्याच टेम्पोतून गेलो. नितेश मांडवात उतरला आणि खांबाला स्पीकर बांधायला लागला. मांडवात पोरांची पकडापकडी चालली होती, त्यामुळे मैना पेटी घेऊन घराकडे निघाली. दोन्ही हातांत, छातीशी, पायाखाली बघत.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी. त्यांचे कुळाचे देव रोह्याला रोहिणीच्या मोठ्या काकांकडे असतात. घरात लग्न निघालं की देव पेटीतून लग्नघरी आणायचे, पाटावर बसवायचे, पहिली हळद त्यांना आणि मग नवरीला. त्या दुपारी देव यायचे होते. दारात रोहिणीची आजी गिरजाबाई वाट बघत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कंबर ताठ. तिला दिसलं ते एवढंच की कोणीतरी बाई लाल मखमलीची पेटी छातीशी धरून अगदी जपून येते आहे.

गिरजाबाईने मैनाला उंबऱ्यावर थांबवलं. पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मैनाला वाटलं, काय माणसं आहेत ही, साऊंडवालीचासुद्धा केवढा मान ठेवतात. तिने विचारलं, पेटी कुठे ठेवू. गिरजाबाईने माजघरातला पाट दाखवला. पेटी जमिनीवर ठेवावी लागत नाही म्हटल्यावर मैना आणखीच खूश झाली. तिने पेटी पाटावर ठेवली, झाकण उघडून वायरी काढल्या, झाकण तसंच ठेवलं आणि त्या नितेशला द्यायला मांडवात गेली.

ती परत आली तेव्हा मी माजघराच्या दारात उभा होतो आणि मला पुढे जावं की मागे, ते कळत नव्हतं. समई लागली होती. प्रत्येक माईकच्या रुमालावर हळद, कुंकू आणि एकेक झेंडूचं फूल होतं. गिरजाबाई हात जोडून बसली होती, भोवती चार बायका. मग तिने एक रुमाल उचलला, देवाचं तोंड तर बघू म्हणून, आणि माईकच्या जाळीवरून बोट फिरवलं. नाक नाही, डोळे नाहीत.

"पार झिजलेत गो," ती बायकांना म्हणाली. "किती पिड्यांचे देव. तोंड ऱ्हायलं नाय." आणि तिने त्या जाळीवर चांगली दोन बोटं ओली हळद चोपडली.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल वाजली. रोह्याचे काका आले. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात, स्वच्छ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले, घराचे खरे देव. काकांनी पाटाकडे पाहिलं. "आये, हे कोन बसलेत?"

मग जे हसू फुटलं, ते आधी माजघरात, तिथून चुलीकडे आणि चुलीकडून मांडवात गेलं. काय झालं हे ठाऊक नसलेली पोरंही हसत लोळली. नितेश धावत आला, त्याने पाटाकडे बघितलं आणि घाईघाईने माईक उचलायला हात घातला. मैनाने त्याचा हात धरला.

मी मैनाकडे पाहत होतो. तिला दाजींची अट आठवली असणारच. पूजेचं पाणी, ओली हळद, आणि आता या घरातून बोल येणार हे तर उघडच होतं. पण ती बघत होती गिरजाबाईकडे. म्हातारी एकटीच हसत नव्हती. तिने पदर पुढे ओढून घेतला होता आणि समईची वात उगाच सारखी करत होती. नातीच्या लग्नात, भरल्या घरात, आपण यंत्राची पूजा केली.

मैना तिच्याजवळ पाटासमोर बसली. "बसवलेलं असं उचलत नायत," ती नितेशला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना जाईल असं. "आमच्या जोह्यात गनपती उठवायचा तरी आधी अक्षता टाकतात, पाट हालवतात. आजीनं रीतीनं बसवलंय, तर उठवायचं पन रीतीनं."

मैनाने पेटीच्या कोपऱ्यातली तांदळाची पुरचुंडी सोडली, चिमूटभर तांदूळ गिरजाबाईच्या हातात दिले आणि चिमूटभर स्वतः घेतले. दोघींनी ते पेटीवर टाकले. पाट बोटभर सरकवला. मग मैनाने हळदीने माखलेला तोच माईक काढून जाळीवरची हळद पुसली, सेल घातला आणि गिरजाबाईच्या हातात दिला.

"आजी, पूजा तुमी केलीत. आता पयला शब्द पन तुमीच बोला."

गिरजाबाईने माईक दोन्ही हातांत धरला, मैनासारखाच. मग सवयीने जे तोंडात आलं तेच ती बोलली: "अगो, वालाची भाजी लागतेय, बघा कोनतरी." ते वाक्य मांडवाच्या चारही खांबांवरून गरजलं. शेताच्या बांधावर चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. आपलाच आवाज बाहेरून परत आलेला ऐकून म्हातारी दचकली, मग हसली, आणि तिने हळदीचं गाणं धरलं. आवाज कापरा होता, पण सूर जागेवर. दुसऱ्या कडव्याला बायका तिच्यामागे आल्या. काकांनी खरे देव पाटावर बसवले, त्यांना हळद लागली, मग रोहिणीला. त्यानंतर माईक परत मागायची हिंमत कोणाला झाली नाही. गिरजाबाईने गाणी म्हटली, मधूनमधून पोरांना दम दिला, कोण जेवलं नाही त्याची नावं घेतली, आणि नितेशने मोबाईलमध्ये भरून आणलेली गाणी दिवेलागणीपर्यंत मोबाईलमध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला निरोप पाठवून बोलावलं. साक्षीदार हवा होता. मैनाने पेटी त्यांच्यासमोर ठेवली, दोन्ही हातांनी. दाजींनी चष्मा लावून एकेक रुमाल उचलला. रुमालांवर हळदीकुंकवाचे वाळलेले डाग, पण खाली माईक कोरडे आणि चकचकीत. पाणी, फूल, हळद, सगळं त्या रुमालांनीच अंगावर घेतलं होतं. कितीतरी वर्षांनी सामान गेलं तसं पुरं परत आलं होतं. मग दाजींचं बोट त्या एका जाळीवर थांबलं. जाळी पिवळी होती.

"ह्ये काय?"

मैनाने काही लपवलं नाही. भाकरीच्या तुकड्यापासून म्हशींपर्यंत सगळं सांगितलं. दाजी गंभीरपणे ऐकत होते. "तोंड ऱ्हायलं नाय" इथे त्यांच्या मिशा हलल्या. काकांच्या हातातल्या बिस्किटांच्या डब्याशी आल्यावर त्यांना राहवेना.

"म्हंजे देव डब्यात," ते कसेबसे म्हणाले, "आनि माजे माईक मखमलीवर." आणि ते असे हसले की कवळी सुटली आणि त्यांनी ती हवेतच तळहातावर झेलली.

त्या घरातून बोल आला का, असं मैनाने हळूच विचारलं. आला होता. गिरजाबाईने सकाळीच फोन करवला होता, आणि धाकट्या नातीच्या हळदीला हीच सून आणि हीच पेटी पाहिजे असं सांगितलं होतं. हे दाजींनी कवळीशिवाय सांगितल्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

मग त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून मैनापुढे ठेवली. लोखंडी पेटीत आता वाल असतात. माईकची पिवळी जाळी धुवायला दाजींनी मनाई केली आहे आणि तो माईक ते फक्त आरतीला देतात.

त्या सकाळी कवळी अजून त्यांच्या तळहातावरच होती. त्यांनी तोंडात घालायच्या आधी ती मैनाच्या पेटीवर धरून पाहिली. इकडे बसेल, तिकडे बसेल, असं करत त्यांची नजर एका मोकळ्या कोपऱ्यावर ठरली.

"हितं हिला येक खळगा कर गो," ते म्हणाले. "आनि वरनं फडकं पन घाल. उगडं तोंड बरं दिसत नाय."