तांदळाच्या डब्यात बाबांचं गाऱ्हाणं

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. जीव वाचला, आवाजाचं काय एवढं, असं सगळे म्हणाले. पण चतुर्थीला आमच्या मालवणच्या घरी गाऱ्हाणं तेच घालत. देवापुढे उभं राहून घरादारासाठी मागायचं आणि प्रत्येक मागण्याला आम्ही सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. ते मी आदल्या वर्षी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. आमच्यात बायकांनी गाऱ्हाणं कधी घातलेलं नाही, तेव्हा मुंबईतल्या दादाने ऐकून शिकावं, असा माझा बेत.

मोबाइल भरला म्हणून ते मी बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस हार्ड डिस्कवर टाकलं आणि मोबाइलवरून पुसून टाकलं. एकच प्रत. शहाणपण बघा माझं. डिस्कचा पासवर्ड मात्र आठवणीने बदलून ठेवला होता, कारण शेजारी पर्यटकांच्या खोल्या, कोणीही आपल्या फोनवरून आत डोकावेल. परक्यांचा बंदोबस्त केला, घरच्यांचा राहिला.

श्रावणात एका सकाळी डिस्क चालूच ठेवून मी बाजारात गेले. परत आले तर डिस्क कुठे दिसेना, फोनलाही सापडेना. आई शांतपणे म्हणाली, “तांदळाच्या डब्यात ठेवलंय गो. ह्या दिवसांत पापडसुद्धा सादळतत.”

पत्र्याचा डबा, झाकण गच्च, आत चालू डिस्क. हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मी आईला नको नको ते बोलले. मग राग डिस्कवर काढला. बंद कर, चालू कर, पुन्हा बंद कर. आतून टक् टक् यायला लागलं, तेव्हा कुठे थांबले.

कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने आधी मलाच झापलं. “तापली तर बंद करूची आणि गप रवूचा. परत परत चालू केल्यार होता न्हवता ता पण जातला.” मिळेल की नाही, तो सांगेना. आठ दिवस मी आईशी धड बोलले नाही. तिनेही त्या डब्याला हात लावला नाही, पिशवीतले नवे तांदूळ काढून भात केला.

नवव्या दिवशी दुरुस्तीवाल्याचा फोन आला, “गावला.” मी भर रस्त्यात रडले. त्याच दुपारी प्रती केल्या: एक दादाला पाठवली, एक पेन ड्राइव्हवर घालून कपाटात, एक नव्या डिस्कवर. ही डिस्क उघड्यावर, पंख्याखाली चालते, आणि काम झालं की रीतसर बंद करूनच मी ती उचलते. आईला सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली, “जेव आधी.”

संध्याकाळी बाबांना ऐकवलं. स्वतःचा आवाज त्यांनी इतक्या महिन्यांत ऐकला नव्हता. मला भीती वाटत होती, पण ते डोळे मिटून, ओठ हलवत ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी पाटी ओढली, आता ते पाटीवर लिहूनच बोलतात. त्यांनी लिहिलं, ‘ह्यात चेडवां रवली.’

खरंच की. मुलगे, सुना, नातवंडं, गुरंढोरं, सगळ्यांसाठी मागितलं होतं. लेकींसाठी नाही.

मी म्हटलं, “असू दे बाबा. दादाला सांगते, तो घालील त्यात.”

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, ‘ह्या वर्सा गाऱ्हाणा तू घाल.’