विकत घेतलेला आवाज

मला दिसत नाही. अकराव्या वर्षापर्यंत थोडं थोडं दिसायचं, मग तेही थांबलं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी जे सांगणार आहे ते एखाद्या डोळस माणसाच्या बाबतीत घडलं असतं तर तो संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला असता.

मी ठाण्यात एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे आणि डोंबिवली पश्चिमेला, कोपरला, पहिल्या मजल्यावर भाड्याने एकटी राहते. माझा फोन बोलतो. पडद्यावर बोट ठेवलं की बोटाखाली काय लिहिलंय ते तो वाचून दाखवतो. वाचणारा आवाज कुठला हवा, हे आपण निवडू शकतो. माझा आवाज मी बऱ्याच वर्षांपूर्वी पैसे भरून घेतलेला. पुरुषाचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, ना राग ना लोभ. पण कितीही वेगाने पळवला तरी त्याचं अक्षर तुटायचं नाही. मी तो इतका पळवायचे की शेजारच्या माणसाला नुसती किरकिर ऐकू यायची. ऑफिसात म्हणायचे, हिच्या फोनमध्ये रातकिडा अडकलाय. त्या किरकिरीत माझे मेसेज, माझे रक्ताचे रिपोर्ट, बँकेचा हिशोब, सगळं असायचं आणि चार माणसांत बसूनही ते फक्त मला कळायचं. रस्त्यात मी कानात इअरफोन घालत नाही. कान मला गाड्यांसाठी मोकळे लागतात. त्यामुळे हा आवाज म्हणजे माझ्या घराचा पडदाच होता म्हणा ना.

एका मंगळवारी सकाळी गजर झाला, बंद करायला मी बोट फिरवलं आणि फोन बोललाच नाही. बोट हलवलं की टक, टक एवढंच यायचं, म्हणजे फोन चालू होता. गजर कसाबसा बाजूचं बटण दाबून थांबवला. फोन बंद करून परत चालू केला. पुन्हा तेच. आवाज वाढवायची बटणं दाबून बघितली. काही नाही. किती वाजले ते कळायला मार्ग नव्हता. कुणाला फोन लावायचा तर पडद्यावर कुठे काय आहे ते कळत नव्हतं. नंबर मला पाठ आहेत, माझं कामच ते, पण आकडे दाबायला आकड्यांची जागा तर सापडली पाहिजे. मी पलंगावर बसले. डोळे गेले तेव्हा मी लहान होते, ते हळूहळू गेले. हे एका झोपेत झालं होतं.

खाली आमच्या घरमालकीण राहतात. त्या इथल्याच, पिढ्यान् पिढ्यांच्या. पूर्वी त्यांची भातशेती होती, त्या जागेवर आता ही इमारत आहे. मी त्यांना मावशी म्हणते. भिंतीला हात लावत जिना उतरले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"काय झाला गो बाय?"

"फोन बोलत नाही. पडद्यावर काय लिहिलंय तेवढं वाचा."

"इंग्रजी हाय. मना कुठं येतं इंग्रजी." मग म्हणाल्या, "दोन बटना हायेत. एक निला, एक नुसता."

"दाबू नका हं मावशी. आधी अक्षरं सांगा, कशी दिसतात ती."

"दाबला मी. निला दाबला."

फोन थरथरला, आणि मग एका बाईचा आवाज आला. गोड, सावकाश, विमानात सूचना देतात तसा. मावशी खूश झाल्या. "बघ, बोलला. किती छान बोलते ही." मी त्यांचे आभार मानले. पण आपण कशाला हो म्हटलंय, हे मला माहीत नव्हतं, आणि मावशींनाही नव्हतं.

वर येऊन मी शोधलं. फोनने रात्रीत स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि नव्या व्यवस्थेत माझा जुना आवाज बसत नव्हता. अ‍ॅपच्या दुकानात गेले तर तिथून तो काढून टाकलेला. मी पैसे दिल्याची पावती माझ्या मेलमध्ये होती, पण ज्याची पावती तो मालच कुठे नव्हता.

नवी बाई मराठी वाचायची, पण तिला ळ येत नव्हता. केळीची केली व्हायची, शाळेची शाला. वेग वाढवला की शब्द एकमेकांत घुसायचे, म्हणून सावकाशच ऐकावं लागायचं. दहा मिनिटांच्या मेलला अर्धा तास. आणि ती बोलण्यासाठी इंटरनेट लागायचं. रेंज गेली की ती वाक्याच्या मध्येच थांबायची.

मी विठ्ठलवाडीच्या मित्राला फोन केला. आम्ही अंधशाळेत एका वर्गात होतो. तो आता दृष्टिहीन मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. रविवारी त्याच्या घरी गेले. त्याची बायको चहा ठेवून आत गेली आणि तो म्हणाला, "तो आवाज बनवणारी छोटी कंपनी मोठ्या कंपनीने घेतली. त्यांना स्वतःचा आवाज चालवायचाय. जुना कशाला ठेवतील?"

"पण मी विकत घेतलेला."

"विकत नाही गं घेतलास. वापरायची परवानगी घेतलेलीस. काढून घेऊ शकतो असं त्यात लिहिलेलं असतं. आपण खाली हो दाबतो."

मग तो म्हणाला, "माझ्याकडे त्याची फाइल आहे. कुणीतरी नव्या फोनवर चालेल अशी करून ठेवलीय. दुकानातून न घेता थेट टाकता येते."

त्याने ती माझ्या फोनवर पाठवली. मी उघडली आणि त्या गोड बाईने मला वाचून दाखवलं की हे अ‍ॅप अनोलखी ठिकाणाहून आलं आहे, ते तुमची खासगी माहिती वाचू शकतं, तुमच्या उपकरणाला धोका आहे. खाली 'रद्द करा' आणि 'तरीही इन्स्टॉल करा'.

"तुला ही कुणी दिली?" मी विचारलं.

"नाशिकच्या एकाने."

"त्याला?"

"ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? मी चार महिने वापरतोय, मला काही झालेलं नाही. पण तुझा निर्णय तू घे."

माझं बोट तसंच अडकून राहिलं. वाचणारा आवाज म्हणजे फोनमधलं एकेक अक्षर ज्याच्या तोंडून जातं तो. बँकेचा पासवर्ड, डॉक्टरांचं पत्र, भावाचा मेसेज. अशा ठिकाणी मी कुणा अनोळखी माणसाने फिरवलेली वस्तू बसवायची? आणि जी कंपनी मला सावध करत होती, तिच्याही तोंडून तेच सगळं जात होतं, हे तेव्हा सुचलं नाही. मी रद्द केलं आणि घरी आले.

पुढच्या महिन्यात एका दुपारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन डोंबिवलीला उतरले. पश्चिमेच्या लॅबमधून रिपोर्ट घ्यायचे होते. ते घेतले आणि तिथून घरी यायला रिक्षा केली. रिक्षात मी नकाशा चालू ठेवते, म्हणजे कुठून चाललोय ते कळतं. मांडीवर फोन होता. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला आणि बाईने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खणखणीत, एकेक शब्द सोडवून वाचला. खात्यात किती आले, आता एकूण किती आहेत. मी हाताने फोन दाबून धरला, पण तोवर वाचून झालं होतं.

पुढून रिक्षावाला म्हणाला, "पगार झाला वाटतं, मॅडम."

थोड्या वेळाने रिक्षा उजवीकडे वळली. तिथे वळायला नको होतं, हे मला अंगाला बसलेल्या हिसक्यावरून कळलं. नकाशाने काहीतरी सांगायला सुरुवात केली, "पुढे दोनशे," आणि बाई थांबली. रेंज गेली होती. मी बोट फिरवलं. टक. टक.

"कुठून नेताय?"

"पुढे रस्ता खोदलाय, मॅडम. आतून घेतो."

खोदला असेलही. आमच्याकडे रस्ते खोदलेलेच असतात. पण बाहेरचे हॉर्न कमी झाले, दुकानांचे आवाज थांबले, कुठे तरी पाणी पडल्याचा आवाज आला आणि मला काही ओळखता येईना. आपण किती वेळ चाललोय तेही फोनला विचारता येईना. पर्स मी पोटाशी धरली. उडी मारावी का, असं खरंच मनात आलं. कुठे मारणार, तेही दिसत नव्हतं. मी मोठ्याने खोटं बोलले, "माझा भाऊ खाली उभा आहे, वाट बघतोय." भाऊ लांब, खडवलीला राहतो.

"हो मॅडम, पोचलोच," तो म्हणाला.

आणि खरंच पोचलो. त्याने दारापर्यंत हात धरून सोडलं. मीटरपेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. जाताना म्हणाला, "फोनचा आवाज बारीक ठेवत जा, मॅडम. सगळे माझ्यासारखे नसतात." त्या चांगल्या माणसाची मला भीती वाटली, याची लाज वाटली. पण भीती काही गेली नाही. वर येऊन कडी लावली आणि तीन वेळा हात लावून बघितली.

त्या रविवारी मी पुन्हा विठ्ठलवाडीला गेले. या वेळी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग तो पत्र्याचा आवाज आला आणि मी मित्राच्या पलंगावर बसून रडले. तो म्हणाला, "अगं, वेग वाढव आधी."

सहा-सात आठवडे बरे गेले. मग एके दिवशी बँकेचं अ‍ॅप उघडेना. आपल्या फोनमध्ये असुरक्षित अ‍ॅप आढळलं आहे, ते काढल्याशिवाय सेवा मिळणार नाही. मी शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा नम्र होता.

"मॅडम, ते अ‍ॅप काढून टाका, लगेच चालू होईल."

"ते काढलं तर मला नीट वाचता येत नाही."

"फोनमध्ये दुसरा आवाज असेल ना?"

"आहे."

"मग?"

काय सांगणार होते? की तो आवाज मी निवडलेला नाही? मागे रांग होती. मी घरी येऊन बँकेचं अ‍ॅप काढून टाकलं. आता महिन्यातून दोनदा शाखेत जाते, आणि तो मुलगा काचेपलीकडून शिल्लक हळू आवाजात सांगतो. त्याला जमेल तेवढ्या हळू.

अपडेट आपोआप होणं मी बंद करून ठेवलंय. तरी फोन रोज विचारतो, आत्ता करू की नंतर. कधीतरी हे 'नंतर'सुद्धा काढून टाकतील, असं वाटत राहतं. सकाळी उठल्यावर पहिलं बोट फोनवर ठेवताना माझा श्वास अडकतो. आवाज आला की सोडते.

परवा मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "तुला सांगायचं होतं. मी नवा आवाज घेतला."

"तू?"

"मुलांच्या फोनमध्ये तोच येतो गं. त्यांना जुना कुठून देऊ? त्यांनी तो ऐकलेलाही नाही. आणि सुधारलाय तो. आता ळ म्हणतो."

मला त्याचा राग आला नाही. फक्त एकदम फार एकटं वाटलं.

"फाइल आहे ना तुझ्याकडे अजून?" मी विचारलं.

"आहे. पण पुढचा फोन घेशील तेव्हा तो ती घेईलच असं नाही."

"मला पेनड्राइव्हवर काढून दे."

"देतो," तो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी कधी येतेस ते विचारलं.