शिरूने सोडलेली सीट

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. गिलकी चक्क जून होती आणि तो कबूल करायला तयार नव्हता. मंजिरी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शिरूची बायको. दवाखान्यात पेशंटचा दात बघता बघता तो खाली कोसळला आणि संपला, एवढंच तिने सांगितलं. मी भाजीवाल्याला म्हटलं, दे बाबा, जून तर जून… दीड महिना झाला. भेटायला येणाऱ्यांना चहा करून करून आता थकवा आलाय. जो येतो तो म्हणतो, क्या हाथ था डॉक्टर साब का, दाढ निकाल दी, पता नहीं चला. मी मान हलवते. दाढा काढायला जन्मला नव्हता तो, हे कुणाकुणाला सांगत बसू?

शिरूला जबड्यांचा सर्जन व्हायचं होतं. इंदूरला बीडीएस करताना हायवेवरचे अपघात त्यांच्याकडे यायचे. मोडलेला जबडा तारेने कसा बांधतात, हे तो रविवारी घरी येऊन ऐन जेवणात समजावून सांगायचा. आई वैतागायची, निदान वरण-भात तरी खाऊ दे म्हणायची. पुढे त्याला एमडीएसची सीट मिळाली, तीही त्याला हवी होती त्याच सर्जरीची. तेव्हा अशा सीटा मोजक्याच असत. मी गल्लीभर पेढे वाटले.

पण त्याच सुमारास बाबांची कपड्याची मिल बंद पडली. अख्खी दुनिया म्हणत होती बाजार खुला झाला, आमच्याकडे फाटकाला कुलूप लागलं. बाबा टाइम ऑफिसात होते. कोण वेळेवर आला, कोण लेट, हे लिहिण्यात त्यांची उमर गेली. मिल बंद झाल्यावरही ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघत आणि शिफ्ट सुटायच्या वेळी परतत. कुठे जाता, असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. एक दिवस शिरूला ते नदीवर, रामघाटावर दिसले, पायरीवर एकटेच. पूजा सांगणारा कोणता पंडा रोज उशिरा येऊन बसतो, हे त्यांनी त्याला अगदी चिडून सांगितलं म्हणे.

त्या संध्याकाळी शिरू म्हणाला, सीट सोडतो, इथेच प्रॅक्टिस टाकतो. माझं डोकंच फिरलं. बाबांचं मी बघीन, तू मुकाट्याने शिकायला जा, असं मी त्याला सुनावलं.

"तू त्यांना जेवायला घालशील, ताई," तो म्हणाला. "पण रोज सकाळी जायला जागा कुठून आणशील?"

मला अजूनच राग आला. कित्येक दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

देवास गेटजवळ पहिल्या मजल्यावर दवाखाना सुरू झाला. जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून बाबांना नंबर द्यायला बसवलं. आणि बाबांनी तिथे मिलच सुरू केली की! पेशंटला वेळ दिली आणि तो उशिरा आला, की त्याला परत पाठवायचे. खेड्यातली माणसं गाल धरून यायची, बाबूजी, बस ही लेट थी म्हणायची. बाबा म्हणायचे, तो पहली बस से आना था. दुसरा कुणी असता तर बापाला आठवड्यात घरी बसवलं असतं. शिरूने काय करावं? मागच्या बाजूला एका टेलरचं दुकान होतं. त्याच्याशी बोलून त्याने मागचा जिना उघडून घेतला. बाबांनी हाकललेली माणसं टेलरच्या दुकानातून वर जायची, दात काढून घ्यायची आणि तशीच मागून उतरायची. बाबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. संध्याकाळी घरी येऊन ते ऐटीत सांगायचे, आता लोकांना वेळेची सवय लागतेय.

बाबा खूप जगले, आणि त्या टेबलामुळेच जगले, हे मलाही दिसत होतं. ते गेले तेव्हा शिरूचे केस पांढरे व्हायला लागले होते. मी म्हटलं, आता तरी जा, परीक्षा दे. तो हसला. "हात विसरले आता, ताई," म्हणाला. जबडा मोडलेला कुणी आला तर तो त्याला इंदूरला पाठवायचा. मला वाटलं, चला, याने मन मारलं आणि विषय संपला. मीही बोलायचं सोडून दिलं. माणूस किती वर्षं रागावणार…

गेल्या आठवड्यात मंजिरी आणि मी दवाखाना रिकामा करायला गेलो. खुर्चीमागचं कपाट उघडलं तर आत नुसते प्लास्टरचे जबडे, ओळीने लावलेले. कवळीसाठी माप घेऊन ओततात, तसले. मी म्हटलं, हे सगळे तुटलेले दिसतात, फेकून देऊ. मंजिरीने माझा हात धरला. म्हणाली, "तुटलेले नाहीत, ताई. हेच स्वतःच्या हाताने तोडायचे. दुपारी पेशंट नसले की तोडायचे आणि तारेने पुन्हा जोडायचे."

मी एक हातात घेतला. मधोमध चीर होती आणि वर बारीक तार, इतकी नीट बसवलेली की बोट फिरवलं तरी टोचली नाही. जुने जबडे पिवळे पडले होते. सगळ्यात पुढचा पांढराशुभ्र होता, आणि त्याची तार अर्धीच बांधून झाली होती.

तो मी घरी आणलाय. बैठकीत ठेवलाय, टीव्हीपाशी. येणारे विचारतात, हे काय? मी सांगते, माझा भाऊ जबड्यांचा सर्जन होता.