ज्युडिथच्या नावाची अर्धी पेनी

इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात शैलाताई कर्णिकांना चाळीस वर्षं सगळे ‘मिसेस डॉक्टर’ म्हणत आले. डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली, तरी हाक तीच. बाई इतक्या भिडस्त की त्यांनी कधी कुणाला ‘मला शैला म्हणा’ असं सांगितलं नाही.

मार्चमध्ये अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, मेथीचा वाफा खणताना त्यांना नखाएवढी पितळी चकती सापडली. एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला पुसट अक्षरांत ‘ज्युडिथ हेल’. ब्रिस्टलच्या लेकीने, स्वातीने, फोनवर सांगितलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी सुटे पैसे मिळेनात, तेव्हा दुकानदार स्वतःच्या नावाची अर्धी पेनी पाडत. ती आसपासच्या चार गल्ल्यांतच चाले.

म्हणजे एका बाईच्या नावावर चार गल्ल्यांचा विश्वास! शैलाताईंना फार गोड वाटलं. मग त्या मनाने दिवसभर ज्युडिथच्याच दुकानात असत आणि गॅसवरचा चहा उतू जाई. दुकानात मेणाचा वास दरवळे, गिऱ्हाइकं दारातूनच ज्युडिथला हाक मारत. कधी काउंटरमागे त्या स्वतःच उभ्या असत आणि लोक ‘शैला’ म्हणत.

स्वातीने म्युझियमची अपॉइंटमेंट घेतली. आदल्या दिवशी शैलाताईंचे हात शिवशिवले. चारचौघांत मळकं कसं न्यायचं? पूजेची उपकरणी घासतात तशी त्यांनी ती चिंच-मीठ लावून काथ्याने घासली. चकती लख्ख निघाली, पण अक्षरं गेली. फोटो काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

म्युझियममधल्या मुलीने भिंगातून बराच वेळ पाहिलं. ती रागावली नाही, हेच शैलाताईंना जास्त लागलं. दुकानदाराच्या नावाचा रकाना आता रिकामा ठेवावा लागेल, असं ती म्हणाली. मग चकती ज्यांना सापडली त्यांचं नाव तिने विचारलं.

“शैला कर्णिक,” त्यांनी सांगितलं आणि त्यांना रडूच आलं. एका बाईचं नाव पुसून आपलं लिहून घ्यायचं, हे त्यांना सोसेना.

“शेऱ्यात एक ओळ लिहा,” त्या म्हणाल्या. “यावर ज्युडिथ हेल असं होतं. मी वाचलंय.”

“म्हणजे फक्त तुमच्या शब्दावर?”

“हो. माझ्या शब्दावर.”

मुलीने लिहिलं: ज्युडिथ हेल, शैला कर्णिक यांच्या सांगण्यावरून.